आगबोटीवरचा पुंजाराम

"आज दुसरं काई वाचू नका, भाटबुवा. माह्या बापाचं पान काढा."

शेषरावाने असं म्हटलं आणि दाराआड मेथी निवडत बसलेल्या त्याच्या मायचे, मनकर्णाबाईचे हात थांबले.

भगवंत भाट दर तीन वर्षांनी भातकुलीजवळच्या या माळ्याच्या घरी यायचा. ओसरीवर बसून वंशावळीची पोथी उघडायचा, सात पिढ्या खणखणीत आवाजात वाचायचा, नवी जन्मलेली पोरं लिहून घ्यायचा आणि धोतरजोडी, पायलीभर ज्वारी घेऊन पुढच्या गावाला जायचा. पुंजारामाच्या नावापाशी आला की मात्र त्याला हमखास खोकला लागायचा. पुंजारामाचा थोरला भाऊ सूर्यभान, म्हणजे घरचा कर्ता, सुपारी पुढे करायचा आणि वाचन पुढच्या नावावर जायचं. सूर्यभान दिवाळीनंतर वारला. आता कर्ता शेषराव होता.

पुंजाराम मोठ्या दुष्काळाच्या साली घरातून निघाला, तेव्हा शेषराव मायच्या पोटात होता. तो मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी झाला, एवढंच कोणी तरी येऊन सांगितलं होतं. पेढी नदीला गुडघाभर पाणी चढलं तरी ज्या घरातल्या बाया घाबरून देवाचा धावा करत, त्या घरचा माणूस समुद्रावर! गावाने हसून घेतलं, मग हसायचंही विसरलं. बारा वर्षं वाट पाहून रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि तो जाळला. अग्नी शेषरावानेच दिला. अकरा-बारा वर्षांचं पोर होतं ते. त्याच दिवशी मनकर्णाबाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या.

"काय पाह्यचं त्यात आता?" भाट म्हणाला. "गेलेला मानूस."

"बुडाला, का तापानं मेला, का जित्ताच हाय, येवढंच मायले आयकाचं हाय. दुसरं काई नाई."

भाट पानं उलटत राहिला. खरं तर ते पान त्याला पाठ होतं. शेवटी त्याने वाचलं, पण नेहमीचा हेल न काढता, हळू आवाजात.

"पुंजाराम वल्द जानराव. वस्ती मुंबई, डोंगरी. धंदा आगबोटीवर खलाशी. शके अठराशे सदतीस. पुत्र दोन."

शेषरावाने मनातल्या मनात हिशेब केला. पुतळा जाळला त्याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती.

"म्या सोताच्या हातानं लिवलं," भाट म्हणाला. "तुमच्या जातीचे चार घरं हायेत तथी. समोर बसून जेवला तो. गावाकडं कवा येता, म्हून इचारलं, तं म्हने, येवढी खेप मारून येतो."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"सूर्यभानजीले सांगतलं ना! त्याच साली, याच ओसरीवर. ते म्हने, पुतळा जाळला, गावानं तेरावं खाल्लं, आता मेलेला मानूस जित्ता केला तं जातीत तोंड कसं दाखवू? पोथी झाका, म्हने. यजमानाच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ, भाऊ?"

शेषरावाला चुलत्याचा संताप यायला हवा होता. पण त्याच चुलत्याने त्याला खांद्यावर बसवून शेत दाखवलं होतं, तापात रात्र रात्र उशाशी बसून काढली होती. आणि दिवाळीनंतर त्यालाही शेषरावानेच अग्नी दिला होता. रागवायचं तरी कोणावर?

मनकर्णाबाई दाराबाहेर आली. पदर सावरून ओसरीच्या कडेला टेकली. इतक्या वर्षांत ती भाटाशी कधी थेट बोलली नव्हती.

"पुढं वाचा."

"पुढं नाई, माय."

"नाई कसं? मानूस कुठी तरी तं गेला असन."

भाटाने पोथी मिटली. "सहा वर्षांनं पुना गेलो मी डोंगरीले. आगबोटीवर गेला तो परतलाच नाई, माय. कोन्या मुलखात उतरला, बंदरावर कोनाले सांगता ये ना. त्याची तथची बाई दारात बसून होती. मलेच इचारे, महाराज, ते गावाकडं आले का हो?"

अंगणात वांग्यांच्या पाट्या गाडीत भरून तयार होत्या आणि अमरावतीच्या बाजाराची वेळ टळत चालली होती. माय रडेल, कपाळ बडवेल, मेलेल्या दिराला शिव्या देईल, असं शेषरावाला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"तिच्या हातात बांगड्या होत्या?" मनकर्णाबाईने विचारलं.

"होत्या, माय. हिरव्या."

"किती वर्षं झाले त्याले?"

भाटाने बोटं मोजली. "पंधरा."

"मंग फोडल्या असतीन आता," ती म्हणाली.