जास्तीचा पट्टा

नऊ वाजता ट्रेनर पडद्यावर येणार होती, म्हणून श्रीपती घोलप आठलाच दाढी करून, नवी बनियन घालून बसले. एक पट्टा त्यांच्या कमरेला असणार होता आणि दुसरा पुण्यात तिच्या. यांच्या अंगात जे दुखेल ते तिला तिकडे जाणवणार, आणि मग ती व्यायाम सांगणार. पेटीत चाचणीसाठी एक जास्तीचा पट्टाही आला होता; तो घरातल्या कुणी बांधला की त्याचं दुखणं श्रीपतींना जाणवणार होतं.

त्यांची बायको हौसाबाई खाली बसून मेथी निवडत होती. श्रीपतींनी आपला पट्टा कमरेला बांधला आणि जास्तीचा तिच्यापुढे धरला.

"अगं, हा बांध आणि उभी राहा बघू."

"आत्ता? एवढी जुडी होऊ दे की."

"उठायचं म्हटलं की झालं तुझं नाटक सुरू."

हौसाबाई हसल्या. त्यांनी पट्टा बांधला आणि भिंतीचा आधार घेत त्या उठू लागल्या.

श्रीपती ओरडले. उजव्या गुडघ्यात तापलेली सळई घुसावी तशी कळ कमरेपर्यंत गेली. खुर्ची धरूनही त्यांना धड बसता येईना. डोळ्यांत पाणी आलं. समोर हौसाबाई नेहमीच्याच चेहऱ्यानं उभ्या होत्या.

"काय हो, बिघडलाय का पट्टा?"

"नाही."

सकाळपासून त्यांनी तिला तीनदा उठवलं होतं. एकदा चहाला, एकदा चष्म्यासाठी आणि एकदा नुसता पंखा लावायला. त्यांना मान वर करवेना.

"रोज एवढं दुखतं?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"छे, रोज कुठलं," हौसाबाई म्हणाल्या. "आज जरा बरं आहे."