दुसरा कागद

केसरीनाथशेठनी कागद वाचून चष्मा कपाळावर सरकवला. समोर नाजनीन बसली होती. तिचे अब्बा, गुलाम हुसेन, दाराशी उभे होते. शुक्रवार, म्हणून शेजारी शेठच्या कारखान्यातले लूम बंद. अब्बांना हा वारच नकोसा वाटे. एरवी त्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलतात. शुक्रवारी आवाजाचा आडोसा राहत नाही.

अब्बा इथले जॉबर, लूमचे मिस्त्री. लूम बिघडला की चौकटीवर पंजा टेकायचा, डोळे मिटायचे आणि काय तुटलंय ते सांगायचं. गुलाम हुसेन कानाने बिघाड ओळखतो, असं शेठ चारचौघांत मिरवायचे. ते कान कधीच गेले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. या मुठीवर घरची चूल पेटत होती.

शेठच्या आईच्या नावाने शिष्यवृत्ती होती. 'माझ्या आयुष्याचं ध्येय' एका पानात लिहायचं, शेठ स्वतः वाचणार. नाजनीनला कान तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं. पहिला कागद तिने एका बैठकीत लिहिला. त्यात अब्बा होते, लूम होते, तिने मारलेली हाक होती आणि न वळलेली पाठ होती. घरी आईने वाचला, डोळे पुसले आणि गॅसवर धरला.

"अब्बांची रोजी घालवतेस काय गं? दुसरा लिही."

दुसऱ्यात देशसेवा होती, गोरगरीब होते. कुणाच्याही पोरीने लिहावा असा मेला कागद.

"पोरी, अक्षर झकास हाय," शेठ म्हणाले. त्यांच्या ओठांवर नजर लावून उभे असलेले अब्बा खुलले.

शेठनी पुन्हा चष्मा लावला आणि कागद तोंडासमोर धरला. "पण हे सगळीच लिहितात गं. तुझ्या मनातलं यात काय हाय? घरचं कायतरी लिहायचंस. बापाचे कान बघ, काय तेज! तसलं. न्हाय, या वर्षी न्हाय जमायचं."

कागद खाली आला. मागे शेठचं ओशाळं हसू.

अब्बांना तेवढंच दिसलं. ते लगबगीने पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी शेठचा हात धरला. "बहोत मेहरबानी, शेठ! पोरीचं भलं केलंत!"

शेठ बावचळले. अब्बांकडे, मग नाजनीनकडे बघू लागले. कपाळावर आठी चढली.

अब्बांना आपले ओठ दिसणार नाहीत अशी नाजनीन वळली. "तुम्ही स्वतः वाचलंत ना शेठ, अब्बांना तेवढंच खूप."

आठी उतरली. "असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता," शेठ म्हणाले.

जिन्यात अब्बा थांबले. आवाज न करता, नुसत्या ओठांनी त्यांनी विचारलं, "पेढे घेऊया ना?"

नाजनीनने मान डोलावली.