दादांच्या नावाचं कार्ड

बाहत्तरच्या त्या कोरड्या सालात भागिरथी संगमनेरकडच्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत कार्डं पंच करायची. तिच्या बोटांखाली ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या नावांची भोकं व्हायची, आणि दुसरं मशीन ती भोकं वाचून नावं पुन्हा कागदावर छापायचं.

धाकट्या बहिणीची हळद उद्यावर आली होती. पण दादा, म्हणजे वडील, गेल्यापासून आईच्या ओठी ओवी फिरकली नव्हती. दुपारी डबा घेऊन आलेली आई मशीनकडं बघतच राहिली.

"ह्यांचं नाव घाल की यात."

"अगं, आता दादांचं कशाला?"

"घाल गं. भोकात माणूस मावतोय का, बघू तरी!"

भागिरथीनं हसतहसत कार्ड पंच करून मशीनला दिलं. एवढंसं नाव, खटकन छापून व्हायचं. पण मशीन थांबेना. आधी लांब कुरकुर, मग धबका. पुन्हा कुरकुर, पुन्हा धबका. विहिरीवर दादांची मोट अशीच चालायची.

आईच्या पायानं ठेका धरला. आणि ती मोकळ्या गळ्यानं गायली, "भरली मोट, राजा, हळदीच्या वाफ्याला..."

भागिरथीनं आनंदानं कागद ओढला. दादांचं नाव ओलंचिंब होतं.

"आले गं!" आई हसली. मशीनखालून गार पाण्याची धार झुळझुळत तिच्या पायांकडं निघाली होती.