रेघेचा तळ

गिरणीतल्या सभेत सरकारच्या सल्लागार साहेबांनी फळ्यावर धंद्याची रेघ खाली नेली आणि पुन्हा वर चढवली. "तोट्यातली सूतगिरणी सरकारनं बुडू द्यावी. मगच नवं उभं राहतं."

कामगारांतून नरसय्या उठला. आधीची गिरणी अशीच बुडू दिली, तेव्हा कामगारांची दवाखान्याची कार्डं बंद पडली आणि औषधाविना त्याची बायको गेली. दोन वर्षांनी तिथं नवा कारखाना आला.

"मामा, बसा की. साहेब शिकलेले आहेत," मागून कोणीतरी हसलं.

त्यानं जाऊन रेघेच्या तळाशी बोट ठेवलं. "माझी अंबू इथं मेली. वर चढली ती तुमची रेघ."

"मग करायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"सूत तुटलं की आम्ही चालत्या मशीनवरच सांधतो. सगळं तुटायची वाट बघत नाही."

साहेबांनी डस्टर उचललं. "बरं, सरका आता."

"गिरणी चालू ठेवा म्हणून सरकारला लिहा. मग सरकतो."