वाळत घातलेली पुस्तकं

गच्चीवरची टाकी फुटली आणि वाचनालयातली दोन हजार पुस्तकं भिजून चिंब झाली. ग्रंथपालबाईंनी दारावर चिठ्ठी लावली: ‘एकेक पुस्तक घरी न्या आणि वाळवून आणा.’ “एकसुद्धा परत यायचं नाही, बाई,” शिपाई म्हणाला. संध्याकाळपर्यंत कपाटं रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी बाई धाकधुकीतच गल्लीत शिरल्या आणि जागीच थबकल्या. प्रत्येक गॅलरीत, दोरीवर, खिडकीत पुस्तकंच पुस्तकं! इस्त्रीवाला हलक्या हाताने पानांवर इस्त्री फिरवत होता, न्हावी शब्दकोशाला ड्रायरचा वारा घालत होता. पायरीवर एक आजी सकाळपासून हळुवार पानं उलटत बसल्या होत्या. “मला वाचता येत नाही हो,” त्या म्हणाल्या, “पण एकही पान चिकटू दिलं नाही. काय लिहिलंय यात?” बाई शेजारी टेकल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या. बघता बघता सगळी गल्ली ऐकायला थांबली.