सतरा गिधाडं

"दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्यायचं नाही!" धाकूमामांनी घरात बजावलं. ते औषध गुराच्या मांसात उरतं अन् ते खाऊन गिधाडं मरतात, हे मामाच तर गावोगाव सांगत फिरायचे. मग स्वतःच्या बैलाला कसं द्यायचं? कंबर मोडलेला चांद्या तीन दिवस कण्हत होता. मामा त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले.

चांद्या गेल्यावर गिधाडं राखणाऱ्या मंडळींनी त्याला माळावर नेऊन ठेवलं. सतरा गिधाडं उतरली.

"औषध कुठलं दिलं होतं, मामा?" गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठलंच नाही," मामा अभिमानानं म्हणाले.

"अहो, का? गिधाडांना न बाधणारं औषध आहे की माझ्याकडे. नुसता निरोप धाडायचात."

मामांच्या तळहाताला चांद्याच्या मानेची थरथर अजून जाणवत होती.