कामाच्या फांद्या

भिलाईच्या सिद्धांतने बढतीसाठी असा प्रोग्राम लिहिला, की तो कोणताही कोड गिळून त्याच्या रचनेचं फांद्याफांद्यांचं झाड करायचा आणि झाडावरून कोड पुन्हा कोरा करकरीत लिहून द्यायचा. ऑफिसातल्या जुन्याजाणत्या अच्युतकाकांनी वीस वर्षं कोडच्या ओळीओळीला घातलेल्या टिपा त्यात पार गळून गेल्या.

"अरे बापा, पुढच्याले समजावं म्हणून लिहिलं होतं मी!"

"काका, मशीनले तुमच्या पुराणाशी काय मतलब? माझ्या झाडावर फक्त कामाच्या फांद्या राहतात. बाकी कचरा!"

ऐट एवढी, की स्वतःचा प्रोग्रामही त्याने त्याच झाडावर चढवून चकाचक केला.

बढतीच्या दिवशी साहेबांनी तो उघडला. "काम झकास आहे. पण लिहिलं कोणी? नाव कुठाय?"

काकांनी चष्मा पुसला.

"वरच्या टिपेत होतं साहेब. कचऱ्यात गेलं."